थोरात सिस्टरांचं सोवळं

आमच्या मजल्यावर दोन घरांत सोवळं पाळलं जायचं. एक आमच्या, कारण तिथे माई होत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आणि दुसरं समोरच्या थोरात सिस्टरांच्या. माईंच्या सोवळ्याची कीर्ती लग्न ठरलं तेव्हाच माझ्या कानावर आलेली, त्यामुळे मी मनाची तयारी करूनच वर्तकनगरच्या या घरात पाऊल टाकलं होतं. पण समोरच्या दारावर 'रूथ थोरात' अशी पाटी, पाटीच्या वर लाकडी क्रूस, आणि आत माईंच्या तोडीस तोड, किंबहुना कांकणभर सरसच प्रकरण असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

ते कळलं पहिल्याच महिन्यात. आमच्याकडे अचानक पाहुणे आले आणि आमटीला मोठं पातेलं हवं झालं. माई तेव्हा गावी गेल्या होत्या, नाहीतर समोरचं पातेलं आमच्या ओट्यावर चढलंच नसतं. मी सिस्टरांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि सगळ्यात वरच्या फळीवर पांढऱ्या फडक्यात बांधलेलं एक जाड बुडाचं पातेलं दिसलं, त्याच्याकडे हात नेला.

"त्याला नको!" सिस्टर इतक्या जोरात म्हणाल्या की माझा हात हवेतच राहिला. मग जरा सावरून म्हणाल्या, "ते प्रभूचं आहे. हे घे, हे माझं."

मी त्यांचं पातेलं घेऊन घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "मला समोरही एक सासू आहे, हे आधी सांगायचं ना."

सिस्टर उंच, सावळ्या, ताठ. मूळच्या नगरकडच्या. लग्न केलं नाही. सगळी नोकरी इथल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये झाली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सवयी जागच्या हलल्या नव्हत्या. हात धुतले की कोपरात वाकवून, बोटं छताकडे करून त्या तशाच उभ्या राहायच्या आणि पाणी निथळू द्यायच्या. दार उघडायचं ते कोपरानं. इमारतीतली पोरं त्यांची नक्कल करत जिने चढायची. सिस्टरांना ते माहीत होतं. एखादा पोरगा तावडीत सापडला की त्या फक्त एक शब्द विचारायच्या, "हात?" पोरगा निमूट दोन्ही पंजे पुढे करायचा. पंजे स्वच्छ निघाले तर खडीसाखर, मळके निघाले तर नळ. नळानंतरही खडीसाखर मिळायची, हे पोरांना लवकरच कळलं होतं.

"सोवळं" हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "सोवळं नव्हे गं ते," त्या चिडून म्हणायच्या. "सोवळं वेगळं, स्वच्छ वेगळं, स्टराईल वेगळं आणि पवित्र वेगळं. चार गोष्टी आहेत. एकात एक कालवू नका."

पवित्र म्हणजे मग काय, असं विचारलं की म्हणायच्या, "पवित्र म्हणजे त्याचं. त्याच्यासाठी वेगळं काढलेलं." एवढं सांगून झालं की त्यांचं अडायचं. थिएटरमधलं काहीही त्या फोड करून सांगायच्या, पण इथे आल्या की हात हवेत फिरवून गप्प व्हायच्या. हे आपल्याला नीट सांगता येत नाही, याचा त्यांना मनापासून त्रास व्हायचा.

ते पातेलं खाली यायचं महिन्यातून एकदा. त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. भाकर आणि द्राक्षरस सगळ्या मंडळीला देतात, तो विधी. त्याचा द्राक्षरस करायचं काम सिस्टरांकडे होतं. काळ्या मनुका आणायला त्या कल्याणला जायच्या, घाऊक बाजारातल्या एका ठरलेल्या दुकानात. मी एकदा म्हटलं, "अहो सिस्टर, आपल्या नाक्यावरच्या वाण्याकडे काय मनुका मिळत नाहीत?"

"मिळतात की. तुझ्या शिऱ्यात घालायला झक्क आहेत."

एकेका मनुकेचा देठ काढायचा, कोमट पाण्यात भिजवायच्या, मंद आचेवर शिजवायच्या, कुस्करायच्या, मलमलीतून गाळायच्या. त्या दिवशी त्यांचं दार बंद. एरवी आमची दोन्ही दारं सकाळपासून उघडी असायची. जिन्यात तो गोड, जरासा करपट वास पसरला की माई म्हणायच्या, "आज सिस्टरांचा नैवेद्य दिसतोय."

चर्चमध्ये त्यांची आणखी एक तऱ्हा होती. त्यांच्या गावाकडच्या चर्चमध्ये सगळे चपला बाहेर काढतात म्हणे. इथे शहरात कुणी काढत नाही, बूट घालूनच बाकावर बसतात. सिस्टर मात्र पायरीशी चपला काढायच्या. सगळी मंडळी आत आणि बाहेर पायरीवर एकटा पांढऱ्या सँडलचा जोड. चोरीला जातील म्हणून लोकांनी समजावलं, आणि एकदा खरंच गेल्या. त्या दिवशी सिस्टर भर उन्हात अनवाणी रिक्षा शोधत घरी आल्या आणि पुढच्या रविवारी नवा जोड पुन्हा तिथेच काढून आत गेल्या. "जळत्या झुडपासमोर मोशेला देवानं पायतण काढायला सांगितलं," त्या म्हणाल्या. "चोर येतील, आत घेऊन ये, असं नाही सांगितलं."

माई आणि सिस्टर यांचं नातं सुरुवातीला नमस्कार-चमत्कारापुरतं. माई कोकणातल्या, देवधर्म कडक, आणि कोणाच्या हातचं खायचं नि कोणाच्या नाही याचा हिशेब मनात पक्का. सिस्टरांनाही तो हिशेब माहीत होता. नाताळचा फराळ द्यायला त्या आल्या की ताट माझ्या हातात द्यायच्या, माईंच्या नाही. माई ताटाकडे बघून "छान झालंय हो" म्हणायच्या आणि खायच्या मात्र नाहीत. मी दोघींच्या मधे उभी राहून माईंच्या वाटणीच्याही करंज्या फस्त करायची.

मग एका दिवाळीत कढईतलं तेल माईंच्या उजव्या हातावर उडालं. मनगटापासून बोटांपर्यंत सोलून निघालं. रोज ड्रेसिंगला दवाखान्यात नेणं म्हणजे मला ऑफिसला सुट्टी. सिस्टर म्हणाल्या, "मी करते. मला काय काम आहे?"

रोज सकाळी त्या यायच्या, आधी हात धुवायच्या, कोपरं वाकवून उभ्या राहायच्या आणि मग माईंचा हात हातात घ्यायच्या. माई तोंड भिंतीकडे फिरवून बसायच्या. दुखतं म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे. पण सिस्टर गेल्या की माई न्हाणीघरात जायच्या. पट्टी केलेला हात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यायचं काम माझं. सिस्टरांना समोर बादलीचा आवाज ऐकू जात असणार, या विचारानंच माझा जीव अर्धा व्हायचा.

एक दिवस पट्टी बांधता बांधता सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "माई, मी आल्यावर हात धुते ते तुमच्यासाठी. मी गेल्यावर तुम्ही अंघोळ करता ती माझ्यामुळे. आपल्या दोघींच्या पायी पालिकेचं पाणी चाललंय बघा."

माझ्या हातातली कात्री खाली पडली. माईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. सिस्टरांकडे बघत राहिल्या. मग अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "उद्यापासून तुम्ही यायच्या आधीच करून घेईन. मग नंतर नको करायला."

सिस्टर खळखळून हसल्या. माईही हसल्या, पण जरा वेळानं. आमच्या माईंच्या आयुष्यातली ही केवढी मोठी माघार होती, हे सिस्टरांना माहीत नव्हतं. किंवा असेलही.

हात बरा झाला आणि दुपारची बैठक सुरू झाली. माईंची खुर्ची आमच्या उंबऱ्यात, सिस्टरांची त्यांच्या उंबऱ्यात, मधे जिन्याची मोकळी जागा. दोघी आपापली भाजी निवडायच्या. उंबरा कुणी ओलांडायचं नाही, हे न बोलता ठरलेलं. सिस्टरांच्या घरचं पाणीही माई प्यायल्या नाहीत कधी. पण गप्पा मात्र कशाच्याही चालायच्या. रविवारच्या सुट्टीत मी मधेच पाय पसरून लसूण सोलत बसायचे आणि ऐकायचे.

अशाच एका दुपारी प्रभुभोजनाचा विषय निघाला. माईंनी विचारलं, "मग तो रस वाट्यांतून देतात की द्रोणातून?"

"एका पेल्यातून. सगळ्यांना एकच पेला."

माईंच्या हातातली मेथी थांबली. "एकच? सगळे तोंड लावून?"

"सगळे तोंड लावून."

"अहो, म्हणजे उष्टं!"

"उष्टंच. सगळ्यांचं. मी सगळ्यात शेवटी घेते. तळाशी उरलेलं."

"तुम्ही? थिएटरच्या सिस्टर?" माईंचा विश्वास बसेना. मलाही नवल वाटलं. बेसिनच्या नळाला साबण लावून धुणारी बाई ती.

सिस्टरांनी हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "माई, माझ्या आजीला गावात विहिरीवर चढू द्यायचे नाहीत. तिनं ओंजळ धरायची आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं. भांड्याला तिचा ओठ लागता कामा नये. मग ती ख्रिस्ती झाली. पहिल्या प्रभुभोजनाला पाळकानं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूनं, पेला पुढे केला. तिच्या आधी त्याच पेल्याला कोणाकोणाचे ओठ लागले होते. तिला वाटलं, आता वरून ओततील. तिनं ओंजळ पुढे केली. पाळक म्हणाला, ओंजळ नको बाई, पेला धर. तिनं धरला, तर हात असे कापत होते म्हणे की रस हिंदकळून लुगड्यावर सांडला. ते लुगडं तिनं जन्मभर धुतलं नाही, तसंच घडी करून ठेवलं."

माई खाली मान घालून मेथी निवडत राहिल्या. निवडलेलीच जुडी पुन्हा निवडत होत्या. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "ऊन उतरलं हो." आणि खुर्ची आत घेतली.

सिस्टरांच्या देवाची मला तेव्हा थोडी भीती वाटायची, हे खरं सांगते. त्या सांगायच्या, त्याच्यासमोर जे देवदूत उभे असतात त्यांच्यात पापाचा कण नाही, तरी ते पंखांनी तोंड झाकून घेतात आणि एकमेकांना "पवित्र, पवित्र" एवढंच सांगत राहतात. "आणि आपण पावडर लावून, मोबाईल घेऊन जातो," त्या पुढे म्हणायच्या. अशा देवाजवळ जायचं कसं, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला होता. हात धुवायचे, पायतण काढायचं, पातेलं वेगळं ठेवायचं आणि सगळ्यात शेवटी पेल्याला ओठ लावायचा. महिन्याचे बाकीचे दिवस त्या एका घोटाकडे तोंड करून काढायच्या.

आणि मग त्यांचेच हात कापायला लागले.

आधी कपबशी किणकिणायला लागली. मग कुलपात किल्ली जाईना. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या सुरू झाल्या, पण कंप थांबला नाही. डोंबिवलीची त्यांची भाची सुवार्ता येऊन-जाऊन असायची, कल्याणच्या मनुकाही आता तीच आणायची. "मावशी, माझ्याकडे चल ना," म्हणायची. सिस्टर विषय बदलायच्या.

कुणीही काहीही म्हटलं नव्हतं. सिस्टरांनी स्वतःच द्राक्षरसाचं काम सोडलं. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक. पण प्रभुभोजनाच्या रविवारी त्या मागच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या आणि पेला आला की मान हलवून पुढे जाऊ द्यायला लागल्या. ज्या घोटासाठी महिना काढायचा, तोच घेईनात. चेहरा उतरला. बोलणं कमी झालं. पोरांना "हात?" विचारणंही बंद झालं. आपलेच हात पदराखाली लपवून बसणारी बाई दुसऱ्याचे कशाला बघेल?

ईस्टरच्या आधी पाळकसाहेब घरी आले. तरुण होते, मोटरसायकलवरून फिरायचे. दारं उघडीच होती, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"सिस्टर, मी हातानं पेला धरतो ना तुमच्यासाठी. काय प्रॉब्लेम आहे?"

"शास्त्रात काय लिहिलंय, तुम्हाला मी सांगायला हवं का? ज्याच्या शरीरात व्यंग आहे त्यानं वेदीजवळ यायचं नाही."

"अहो, ते जुन्या करारातल्या याजकांसाठी. आता ते राहिलंय का?"

"साहेब, थरथरत्या हाताची सिस्टर मी माझ्या थिएटरमध्ये उभी राहू दिली नसती. मग प्रभूच्या मेजाला त्याहून कमी शिस्त?"

पाळकसाहेबांनी मोटरसायकलची किल्ली उचलली. उठता उठता ते म्हणाले, "बरं, ईस्टरला आम्ही बाटलीतला रस आणतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ." त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ते गेल्यावर सिस्टरांनी दार लावून घेतलं. रस करायचा नसतानाही दार बंद, हे पहिल्यांदाच घडत होतं.

माई रात्री जेवल्या नाहीत नीट. "त्या बाईला असं बघवत नाही गं," म्हणाल्या.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, माईंनी डोक्यावरून अंघोळ केली आणि सोवळ्याची रेशमी साडी नेसल्या. मला वाटलं काहीतरी व्रत असेल. तर बाई सरळ दाराबाहेर पडल्या, जिन्याची मोकळी जागा ओलांडली आणि समोरची बेल वाजवली. सिस्टरांनी दार उघडलं. माई उंबऱ्याच्या आत गेल्या. मी मागे धावले.

"मनुका आहेत ना घरात?" माईंनी विचारलं.

"सुवार्तानं आणून ठेवल्यात सवयीनं. का?"

"मग रस करून टाकू. मी करते, तुम्ही बसून सांगा. देवाचं काम अडून राहता कामा नये, कुणाच्या का देवाचं असेना. नीता, ते वरचं पातेलं काढ गं."

मी सिस्टरांकडे बघितलं. पातेल्याला हात लावायची ही माझी दुसरी खेप, आणि पहिली माझ्या चांगलीच लक्षात होती. सिस्टर दाराला टेकून उभ्या होत्या. ख्रिस्ती नसलेली बाई, प्रभूचं पातेलं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. खूप दिवसांनी त्यांच्या तोंडून तो शब्द आला.

"हात?"

आणि आमच्या माईंनी, ज्यांनी जन्मात कुणाला हिशेब दिला नाही, लहान मुलीसारखे दोन्ही पंजे पुढे केले. उजव्या मनगटावर भाजल्याचा गुळगुळीत डाग होता. सिस्टर त्या डागाकडे बघत राहिल्या. मग बाजूला झाल्या.

दुपारपर्यंत काम छान चाललं. देठ मी काढले. माई ढवळत होत्या. सिस्टर खुर्चीवरून "आच कमी, अजून कमी" करत होत्या, आणि त्यांच्या आवाजात जुनी धार परतल्यासारखी वाटत होती. गॅस बंद केला. गाळायची मलमल आणायला सिस्टर आतल्या खोलीत गेल्या. मी ओटा पुसत होते. माई पटकन घरी जाऊन आल्या, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

सिस्टर मलमल घेऊन आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि थांबल्या. काळ्याशार रसावर तुळशीचं एक हिरवंगार पान तरंगत होतं.

"हे काय?"

"तुळस," माई म्हणाल्या. मीठ दाखवून हे काय विचारल्यावर माणूस सांगेल, तितक्या सहज.

सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. आता हे सगळं मोरीत जाणार, उद्या ईस्टर, आणि या दोघींची जमलेली मैत्रीही त्याच पाण्याबरोबर जाणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

"माई," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या देवाला दाखवलेलं असेल तर मला हे मेजावर नेता येणार नाही. खरं सांगा. नैवेद्य दाखवलात?"

"छे हो!" माई दुखावल्याच. "तुमच्या देवाचं मी माझ्या देवाला कसं दाखवेन? ती चोरी झाली. मी फक्त पान ठेवलं."

"का पण?"

"का म्हणजे? पान ठेवलं की ते आपलं राहत नाही. मग चव बघायची नाही, कुणाला काढून द्यायचं नाही. त्याचं झालं ते. एवढंच."

सिस्टरांनी मलमल मांडीवर ठेवली. मग त्या म्हणाल्या, "नीता, चमचा दे." पान त्यांनी स्वतः काढलं. हात इतका कापत होता की पान चमच्यावर यायचं आणि परत सटकायचं. मी मदतीला पुढे झाले तर माईंनी माझा दंड धरला. शेवटी पान निघालं. सिस्टरांनी ते बशीत ठेवलं.

"जन्मभर मी हे सांगायला बघतेय," त्या म्हणाल्या. "इतक्या सोप्या शब्दांत मला कधी जमलं नाही."

माईंना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांचा आवाज एवढासा झाला होता. "बाटलं नाही ना हो माझ्यामुळे?"

"नाही माई. थिएटरमधलं स्टराईल असतं ना, त्याला आपला हात लागला की ते गेलं. देवाचं तसं नाही. महारोग्याला प्रभूनं हात लावला, तर देव नाही बाटला, महारोगी बरा झाला. आपण शिवून बाटण्याइतका तो लहान नाहीये."

"असं ना?" माईंचा आवाज एकदम नेहमीसारखा झाला. "मग तुमचे हात कापतात म्हणून तुम्ही मागच्या बाकावर का बसता?"

सिस्टरांनी हात पदराखाली घेतले.

"तुमच्या आजीचे नव्हते का कापत? सांडलं ना लुगड्यावर? त्यांना कुणी मागे पाठवलं का? पाठवलं असतं तर चाललं असतं तुम्हाला?"

सिस्टर रडल्या. एवढी ताठ बाई, पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. माईंनी जवळ जाऊन त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. सोवळ्याच्या साडीतच. हात थांबले नाहीत, पण माईंनी ते सोडलेही नाहीत.

संध्याकाळी सिस्टरांनी पाळकसाहेबांना फोन करून सगळं सांगितलं, तुळशीच्या पानासकट. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. ते काय म्हणाले ते आम्हाला सिस्टरांनीच सांगितलं. "म्हणे रस तुम्हीच आणा आणि पेल्यात ओतायचाही तुम्हीच." मग माईंकडे वळून, डोळे पुसत, बोट रोखून म्हणाल्या, "आणि पुढल्या वेळी तुळस नको हं."

"बघू," माई म्हणाल्या.

ईस्टरला माई आणि मी चर्चला गेलो. आत बसणार नाही, दारातून बघेन, ही माईंची अट. देवाच्या दारात आल्यावर त्यांनी अर्थातच चपला काढल्या. पायरीवर सिस्टरांचा पांढरा जोड होता, त्याला लागूनच ठेवल्या.

सिस्टर मेजापाशी गेल्या. घरून आणलेल्या रसाची बाटली पेल्यावर तिरकी केली तेव्हा काचेची धातूवर झालेली टकटक मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आली. रस सांडला. पांढऱ्याशुभ्र कापडावर डाग पडला आणि पसरत गेला. त्या क्षणभर थांबल्या. पाळकसाहेब शांत उभे होते, कुणी पुढे धावलं नाही. सिस्टरांनी पुन्हा ओतायला घेतलं आणि पेला भरला. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी तो तोंडाला लावला. हनुवटीवरून थोडा ओघळला. त्यांनी पुसला नाही.

दारातून माई सगळं टक लावून बघत होत्या. "पुष्कळ सांडलं," त्या म्हणाल्या. "पण प्यायल्या."

पुढे सिस्टरांना एकटं राहणं शक्य होईना. सुवार्ता त्यांना डोंबिवलीला घेऊन गेली. पातेलं जाताना पाळकसाहेबांच्या बायकोकडे गेलं, सगळ्या सूचनांसकट. समोरच्या घरात नवे भाडेकरू आले, चांगले आहेत, दार बंद ठेवतात. माई दुपारी उंबऱ्यात खुर्ची टाकायच्या आणि थोड्या वेळानं परत आत घ्यायच्या.

मी सिस्टरांना शेवटचं पाहिलं ते डोंबिवलीला. माईंनाही आता गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं, पण हट्ट करून आल्या. रिक्षात दोनदा म्हणाल्या, "ओळखतील ना गं?" सिस्टर खिडकीशी खुर्चीत होत्या. खूप वाळल्या होत्या. बोलणं पुटपुटल्यासारखं, पण डोळे तेच. माईंना बघून त्यांनी ओठ हलवले. मी कान नेला.

"हात?" त्या विचारत होत्या.

माईंनी दोन्ही हात पुढे केले. सिस्टर तोंडभर हसल्या.

सुवार्तानं चहा आणला. "मावशीला आता हातानं घेता येत नाही, मीच पाजते," ती म्हणाली. माईंनी तिच्या हातातून कप घेतला. फुंकर घातली. किती गरम आहे ते बघायला स्वतः एक घोट घेतला, मग सिस्टरांच्या ओठांना लावला. घोट घोट करत पाजला. पदरानं हनुवटी पुसली. निम्म्यात सिस्टरांनी पुरे म्हणून मान फिरवली.

सुवार्ता कप घ्यायला पुढे झाली. माईंनी दिला नाही. त्यांनी कपात बघितलं, मग सिस्टरांकडे बघितलं, आणि सावकाश, दोन्ही हातांनी धरून, तळाशी उरलेला चहा पिऊन टाकला.

सिस्टर बघत होत्या. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते, पदराखाली नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मी सवयीनं माईंसाठी गिझर लावायला गेले.

"तो कशाला लावतेस?" माई खुर्चीवर टेकत म्हणाल्या. "सकाळी झालीये माझी अंघोळ." मग जरा वेळानं म्हणाल्या, "साखर जास्त घालते हो ती सुवार्ता."